समुद्राला सुतक नसतं, दाजी

दाजी, तुमच्या अंत्ययात्रेतून मी पळून आलो. लोक तुमच्या कानावर काहीबाही घालायच्या आत मीच सांगून टाकतो. पहिल्या चौकात खांदा बदलला, तुमची डावी बाजू शेजारच्याच्या खांद्यावर दिली, त्याला 'आलोच' म्हणालो आणि जो फिरलो तो थेट तुमच्या घराकडे धावत सुटलो. मे महिन्यातली सोलापूरची दुपार. डांबर मऊ झालेलं, पायात चपला नाहीत आणि माझं पोट माझ्यापुढे हातभर धावतंय. मयताला पोचवायला निघालेल्यानं मागे वळून बघू नये म्हणतात. मी तर अख्खाच्या अख्खा मागे वळलो.

बघणाऱ्यांना वाटलं, मेहुण्याला दुःख झेपलं नाही. झेपत नव्हतंच. पण पळालो ते त्यासाठी नाही. चालता चालता एकच गोष्ट डोक्यात लख्ख झाली होती. मयत घराबाहेर पडलं की मागे राहिलेल्या बायका घरात भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. सुतकातलं पाणी ठेवत नाहीत. आणि तुमच्या घरात हजार-बाराशे लिटर समुद्र भरलेला होता. आणि मागे राहिलेल्यांत वैरागच्या तुमच्या आत्याबाई होत्या, ज्यांनी आयुष्यात कुठलंही काम अर्धवट सोडलेलं नाही.

शोकसभेत तुमचा जन्म, शिक्षण, व्यवसाय सगळं सांगून झालं. एका वक्त्यानं तुम्हाला 'मितभाषी' म्हटलं, तेव्हा ताईनं माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघांनी हसू लपवायला खाली माना घातल्या. आता माझी पाळी आहे. मध्ये बोलायचं नाही.

सूत रंगवणं हा तुमचा धंदा. घरामागच्या शेडमध्ये तुमचं डाईंग होतं. उकळते हौद, काठीवर लोंबणाऱ्या सुताच्या लडी आणि कोपरापर्यंत रंगलेले तुमचे हात. ताईच्या लग्नात तुमची बोटं निळी होती, आमच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलाला काही आजार तर नाही ना रे?" पुढे डाईंग बंद केलंत. आम्हाला वाटलं, आता हा माणूस तीर्थयात्रेला जाईल, निदान दुपारी झोपेल तरी. तुम्ही एका रात्री ताटावरून मान वर न करता म्हणालात, "शेडमध्ये समुद्र करायचा."

ताईची भाकरी तव्यावरच राहिली. "काय करायचा?"

"समुद्र. प्रवाळ, मासे, सगळं. जिवंत."

"अहो, आपल्या नळाला पाणी चार दिवसाआड येतं."

"मग समुद्राला कुठं रोज लागतंय? एकदा भरला की भरला."

दाजी, या उत्तरावर मी त्या रात्री फिदा झालो. अख्खं शहर बादल्या मोजत असताना घरात समुद्र भरायला निघालेला माणूस मला आपला वाटला. गल्लीत बोभाटा झाला. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे वाया जायचं, ते तुम्ही पिंपं भरभरून शेजाऱ्यांना धुण्याभांड्याला दिलंत, तेव्हा कुठे लोक गप्प झाले.

पण आपलं खरं भांडण लागलं ते उजेडावरून. माझं नवी पेठेत दिव्यांचं दुकान. या शहरातली निम्मी लग्नं माझ्या झुंबरांखाली लागली आहेत. प्रवाळाला प्रचंड उजेड लागतो, त्याच्यावरच ते जगतं, त्याचे रंगही त्याच्यावरच, हे तुमच्याच तोंडून ऐकलं आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "दाजी, उजेडाची काळजी सोडा. मेहुणा कशासाठी आहे?"

तुम्ही छताकडे बोट दाखवलंत. "तितले चार पत्रे काढायचे. काच बसवायची."

"म्हणजे उन्हावर?"

"पाव्हणं, सोलापुरात राहून उजेड विकत घ्यायचा? लोक हसतील की."

मी तुम्हाला पुष्कळ समजावलं. इथलं ऊन म्हणजे समुद्रावरचं गोड ऊन नव्हे, इथं माणसं उकडतात, प्रवाळाची भजी होतील. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग जे म्हणालात, ते मी आजही ग्राहकांना सांगतो, माझं नुकसान होत असूनही. म्हणालात, "जन्मभर ह्या उन्हानं माझा रंग खाल्लाय. काय बी रंगवा, दोन उन्हाळ्यांत पांढरं. आता त्याच्याकडून रंग करून घेतो."

काच बसली. टाकी आली, दारातून जाईना, म्हणून दाराची चौकट काढली. आणि मग तुम्ही, दाजी, अशी एक चूक केलीत जी फक्त एक रंगारीच करू शकतो. डाईंगमध्ये रंग सुताला धरावा म्हणून पोत्यांनी मीठ लागतं, आणि तुमच्याकडे पोती शिल्लक होती. पाण्याचा खारेपणा मोजायची नळी तुमच्या हातात डॉक्टरच्या थर्मामीटरसारखी खेळायची. तुम्ही तेच मीठ घातलंत, समुद्राइतका खारेपणा केसभरही इकडेतिकडे न होता जुळवलात आणि मिशीवर हात फिरवत म्हणालात, "मीठ ते मीठ." पहिली दोन प्रवाळं त्यात ठेवली. दुसऱ्या सकाळी ती शेंबडासारखी ओघळली होती. समुद्र म्हणजे नुसतं मिठाचं पाणी नव्हे. त्यात चुना असतो, आणखी कायकाय असतं, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. मी टाकीसमोर उभा राहून 'दोन कोवळे जीव अकाली...' असं खड्या आवाजात सुरू केलं. तुम्ही हसला नाहीत. जेवलातही नाही. ताईनं मला स्वयंपाकघरात नेऊन दिलेली चापट तुम्हाला कधी कळली नाही. ती आता कळवतो. मग तुम्ही सगळं पाणी सोडून दिलंत, टाकी घासलीत आणि समुद्राचं खरं मीठ मागवून पहिल्यापासून सुरुवात केलीत.

नवी प्रवाळं आणायला आपण पुण्याला गेलो होतो. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलणं गुन्हा, म्हणून तुम्ही एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले छोटे छोटे तुकडे घेतलेत. थर्माकोलच्या पेटीत ठेवून ती पेटी मांडीवर धरून बसलात, बाळंत होऊन आलेल्या आईसारखे. आणि गाडी बंद पडली ती टेंभुर्णीच्या अलीकडे. ऊन वर आलं होतं. तुम्ही पेटी डोक्यावर घेऊन हॉटेलात शिरलात आणि मालकाला म्हणालात, "पंख्याखाली जागा द्या. आत पोवळी हायत. जिवंत."

मालक गल्ल्यावरून उठला. "अंगठीतलं पोवळं? जिवंत?"

"व्हय."

"मग मला एक दावा की. मंगळ लई खवळलाय माझा."

तुम्ही झाकण उघडून दाखवलंत. पिशवीत काळपट, मिटलेलं, बोटभर काहीतरी. मालकानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या. ह्यापरीस मंगळ बरा." पण त्यानं पंखा मोठा केला, पेटीवर ओला टॉवेल घातला आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत दर गिऱ्हाइकाला सांगत राहिला, "त्या टेबलावर बसू नका, बाळ निजलंय."

पहिल्या उन्हाळ्यात ऊन डोक्यावर आलं आणि अख्खी टाकी हिरवीगार झाली. शेवाळ. मी म्हणालो, "दाजी, समुद्राचं गावतळं झालं." तुम्ही डाळिंबाच्या बागेत जाऊन आलात. तिथे फळं करपू नयेत म्हणून झाडांवर पांढरं कापड टाकतात. तसलं कापड काचेखाली ताणलंत. ते ऊन चढेल तसं सरकवायचं कसं, हा प्रश्न होता. तेव्हा माझ्या आयुष्यातली तीस हौशी नाटकं एकदाची कामी आली. रंगमंचाचा पडदा कसा ओढतात ते, दोरी, कप्पी सगळं, मी बसवून दिलं. त्या दिवसापासून तुम्ही ऊन वर आलं की पडदा ओढायचात आणि कललं की उघडायचात. नाटक रोज दुपारी, प्रेक्षक मासे. पाणी तापू नये म्हणून तुम्ही आणखी एक शक्कल काढलीत: शेडमागच्या आडात प्लास्टिकच्या नळीची वेटोळी सोडलीत. पंप टाकीतलं पाणी त्या नळीतून आडात पाठवायचा, आडाच्या गारव्यानं ते निवायचं आणि धबधब करत परत टाकीत पडायचं. बाहेर सोलापूर भाजत असायचं आणि तुमचा समुद्र सुखात असायचा.

आणि मग खरोखर रंग आला, दाजी. जांभळा, पोपटी, लिंबासारखा पिवळा. दुपारी काचेतून ऊन उतरायचं, हलत्या पाण्यातून खाली जायचं, आणि शेडच्या भिंतींवर उन्हाची जाळी थरथरत फिरायची. ज्या भिंतींवर अजून जुन्या डाईंगचे निळे-लाल ओघळ होते, त्यांच्यावरून. असा उजेड माझ्या दुकानात नाही. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही, आणि धंदा बघता यापुढेही मोठ्यानं म्हणणार नाही.

तरीही मी हरलो नव्हतो. पावसाळ्यात ढग बसले की प्रवाळं कोमेजायची, रंग मातकट व्हायचे. मी एक उत्तम दिवा आणून छताला टांगला, खास प्रवाळांसाठीचा. तुम्ही आभार मानलेत आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घातलात. प्रत्येक पावसाळ्यात आपण यावरून भांडलो. "दाजी, चार दिवस लावा, जीव वाचतील." "पाव्हणं, ढग समुद्रावर बी येतात. त्याला कोण दिवा लावतंय?" शेवटचं बोलणंही हेच. तुम्ही दवाखान्यातल्या खाटेवर, नाकात नळी, आणि तरी ढगांच्या बाजूनं. मी त्यावर उत्तर तयार केलं होतं, दुसऱ्या दिवशी येऊन द्यायचं म्हणून. दाजी, ते फार चांगलं उत्तर होतं. तुम्ही निरुत्तर झाला असता. आता देत नाही. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जाणाऱ्याला उत्तर मिळत नसतं.

तर मी धावत घरी आलो.

दारात माठ पालथा. न्हाणीघरातलं पिंप आडवं. गच्चीवरच्या टाकीची चावी सोडलेली, पन्हाळीतून पाणी रस्त्यावर. मी शेडमध्ये शिरलो आणि बघतो तर आत्याबाई टाकीसमोर उकिडव्या बसलेल्या. पाणी बदलायची तुमची रबरी नळी त्यांच्या हातात, एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. शेतावरच्या इंजिनात डिझेल ओढून ओढून त्यांचा हात आणि तोंड दोन्ही तयार. मी "आत्याबाई!" म्हणून ओरडलो आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडात समुद्र आला.

"थू! थू! आगं आई! काय हाय ह्ये?"

"चव बघितलीत ना? काय आहे?"

"मीठ हाय!"

मी टाकी आणि त्यांच्या मधे उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. दाजी, असा प्रवेश मला कुठल्याही नाटकात मिळाला नाही. "आत्याबाई, हा समुद्र आहे. आणि समुद्राला सुतक नसतं. आजवर किती माणसं मेली, कुणी समुद्र ओतून दिलाय?"

"समुद्र काचंत मावतुय व्हय? पेटी हाय ती. भरल्यालं पानी हाय. ह्या घरचा जीव ग्येलाय, भरल्यालं पानी ठिवू न्हाई." तुम्हाला त्यांनी लहानाचं मोठं केलं होतं, आणि त्या घडीला करण्यासारखं त्यांच्या हातात एवढंच एक काम होतं. ते त्या चोख करत होत्या.

"हे भरलेलं नाही, वाहतं पाणी आहे. आडापर्यंत जातं, परत येतं."

आत्याबाईंनी टाकीकडे बघितलं. "वाहत्या पान्याला सुतक न्हाई, ते मला शिकवू नगंस. पर हे वाहतंय कुटं? निपचित पडलंय की."

मी मागे वळलो. खरंच निपचित होतं. सकाळी रडारडीत कुणीतरी 'मयताच्या घरात मशिनीची घरघर कशाला' म्हणून पंपाचं बटण बंद केलं होतं. पडदा ओढायचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. डोक्यावरचं ऊन सरळ टाकीत उतरत होतं. पाणी कोमट. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. प्रवाळं मिटली होती. आत्याबाईंनी ओतलं नसतं, तरी संध्याकाळपर्यंत सगळं संपलं असतं. तुम्ही गेलात त्याच दिवशी तुमचं सगळंच गेलं असतं आणि बाहेर बसून रडताना आम्हाला ते कळलंही नसतं.

मला पंपाचं काही कळत नाही. मी बटण शोधत होतो आणि मला ते दिसत नव्हतं, कारण मला काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात ताई आली. तिला पुढच्या खोलीत कोपऱ्यात बसवलेलं होतं. उठायचं नाही, बोलायचं नाही. ती उठली होती. बायका मागे "अहो वैनी, अहो वैनी" करत होत्या. ताईनं कुणाकडे बघितलं नाही. खांबामागचं बटण दाबलं. पंप घुमला, पण पाणी येईना. नुसती घरघर. आत्याबाई बघत होत्या. ताई आडाच्या बाजूला गेली, नळी दोन्ही हातांनी धरून झटकली, एकदा, दोनदा, मग तिच्यावर तळहातानं फाडकन मारलं, अगदी तुम्ही मारायचात तसं. नळी खोकली. हवेचे बुडबुडे आले. आणि मग गार पाणी धबधबत टाकीत पडलं.

वरचं पाणी हललं आणि उन्हाची जाळी शेडभर सुटली. भिंतींवर, खांबावर, ताईच्या कपाळावर, आत्याबाईंच्या सुरकुत्यांवर.

"वाहतंय, आत्या," ताई म्हणाली.

आत्याबाईंनी धारेखाली बोट धरून बघितलं. मग हातातली नळी खाली ठेवली.

"व्हय," म्हणाल्या. "वाहतंय." आणि पदरानं तोंड पुसत, "पर त्यो पट्ट्यापट्ट्याचा मासा लई रोखून बगतुय माझ्याकडं. त्याला सांग, मी त्याची आज्जी लागते."

दाजी, तिथे, त्या वेळी, आम्ही तिघंही हसलो. तुम्हाला अजून अग्नीसुद्धा दिला नव्हता. पुढच्या खोलीतल्या बायकांना काय वाटलं असेल ते वाटो. स्मशानातून माणसं परतली तेव्हा आंघोळीला घरात थेंब नव्हता. हजार-बाराशे लिटर समोर, आणि सगळे आडाच्या रहाटावर रांगेत. लोक म्हणतात, मेहुण्यानं चितेकडे पाठ फिरवली. फिरवली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फिरवीन. तिथे जे जळत होतं त्याला माझी गरज नव्हती.

अस्थींचं सांगतो. एक शहाणा म्हणाला, "समुद्र घरातच आहे, तिथेच विसर्जन करा की." मी त्याला म्हणालो, हाडांतलं खत पाण्यात गेलं की शेवाळ येईल आणि दाजी परत येऊन आधी तुला बुडवतील. तुम्ही भीमेत गेलात. टाकीत तुम्हाला प्रवेश नाही.

भाच्यानं ताईला विचारलं, "आई, पुण्याला चल. इथं एकटी काय करणार?" ताई म्हणाली, "मला येता येत नाही रे, पाठीमागं समुद्र आहे." तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तू समजाव ना तिला." मी त्याला समजावलं. तो एकटाच परत गेला. उन्हाळा सरत आला, दाजी. एक मासा गेला. बाकी सगळं जिवंत आहे, आणि ज्यांनी ज्यांनी मला नवी पेठेत अडवून 'ते खूळ आता बंद करणार ना?' असं विचारलं, त्यांना मी शेडमध्ये आणून उभं करतो आणि काही बोलत नाही. मी! काही बोलत नाही!

एक तक्रार मात्र तुमच्या कानावर घालायची आहे. ताई तुमचं ऐकत नाही. मागच्या कोपऱ्यातलं ते जांभळं प्रवाळ, जे तुम्ही 'ह्याला ऊन सोसत नाही' म्हणून कपारीत ठेवलं होतंत, त्याबद्दल काल मला म्हणाली, "ह्यांचं चुकलं होतं. ते रोज मान वाकडी करून उजेडाकडे वळतंय. मी बघतेय ना." मी म्हणालो, "दाजी टाकीत कुणाला हात घालू द्यायचे नाहीत." ती म्हणाली, "मग सांग त्यांना."

म्हणून सांगतोय. तिनं साबण न लावता हात नुसत्या पाण्यानं धुतले. तेराव्याला बांगड्यांचा विषय निघाला होता. ताईनं तेव्हा दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि पुढे कुणाची बोलायची छाती झाली नव्हती. काल तिनं त्या स्वतःहून उतरवल्या, हिरव्या काचेच्या, डाव्या हातातल्या आणि उजव्या हातातल्या वेगवेगळ्या करून टाकीच्या कडेला ठेवल्या. मग खांद्यापर्यंत हात आत घातला. मासे बाजूला झाले. तिनं ते प्रवाळ कपारीतून अलगद सोडवलं, वर आणलं, भर उन्हातल्या खडकावर बसवलं आणि ते पक्कं बसेपर्यंत धरून ठेवलं. बराच वेळ. मग हात बाहेर काढला, पुसला, आणि बांगड्या परत घातल्या.